शुक्रवारचं इंग्रजी

माझी बायको चंद्रा वारली गौरीगणपतीच्या आधी. मुलाखतीचं बोलावणं आलं दिवाळीच्या सुट्टीत. मधल्या काळात मी नायजेरियाचं नावही काढलं नव्हतं.

मी भिवंडीत एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवतो. माझं नाव चांगदेव. गाव खारबावच्या पुढे, घरी भातशेती, ती भाऊ बघतो. आम्ही दोघं राहायचो धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत, एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याच्या वर. मी अजून तिथेच राहतो. खाली लूम दिवसपाळी, रातपाळी चालतात. फरशी थरथरते, खाट थरथरते, तांब्यातलं पाणी थरथरतं. नवा पाहुणा आला की चहा अर्धा टाकून खाली उतरतो.

अशा घरात ओरडून उपयोग नसतो. ओठ नीट हलवायचे, समोरच्याने बघायचं, झालं. लूमवरची सगळी माणसं असंच बोलतात. चंद्रा तर लहानपणापासून कांड्या भरायच्या कामाला होती. कांडी म्हणजे धोट्यात घालायची बाण्याच्या सुताची नळी. मशीनच्या आवाजातच ती वाढली. गॅलरीत उभी राहून ती मला रस्त्याच्या पलीकडचं नवराबायकोचं भांडण शब्दाला शब्द सांगायची. लग्न झाल्यावर सुरुवातीला मी ओरडून बोलायचो. तिने मला हाताने थांबवलं आणि नुसत्या ओठांनी म्हणाली, "घसा कशाला फाडताय? मी काय आंधळी हाय?"

त्यानंतर आम्ही घरात आवाज काढून फारसं बोललोच नाही. त्याची गरज पडली नाही. लूम शुक्रवारी बंद असत. त्या दिवशी खोलीत शांतता असे आणि आम्हाला एकमेकांशी बोलायची लाज वाटे. कोणी परका घरात आहे असं वाटे.

नायजेरियाचं डोक्यात घातलं रामनाथने. तो आमच्याच शाळेत गणित शिकवायचा. आधीच्या वर्षी तिकडे गेला आणि आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात सुट्टीवर आला. आमच्या खोलीत त्याला बसवेना, म्हणून आम्ही तिघं खाली ओट्यावर बसलो.

"इंग्रजीच्या मास्तरला तर ते डोक्यावर घेतील," रामनाथ म्हणाला. "दोन वर्षांचा करार. मग पुन्हा दोन वर्षं. माणूस नीट असला की त्याला सोडत नाहीत. वहिनींना बोलता येत असेल तर त्यांनाही असंच मुलाखतीला बोलावून लहान मुलांच्या शाळेत घेतील."

"मना? मी सातवी हाय भावोजी."

"बोलता आलं पाहिजे, बस्स. सातवी का सतरावी, कोण बघतं? फक्त एक आहे. जायच्या आधी सगळ्यांच्या छातीचा फोटो काढतात. बायकापोरांचासुद्धा. त्यात डाग निघाला की घरी बसा."

मी हसलो. चंद्राही हसली. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

मी दोन वर्षांचाच विचार करत होतो. जायचं, यायचं, गावी घर बांधायचं. चंद्राला ते पटलं नाही. ती म्हणाली, "दोन वर्षांत माणसाला तिथला बाजार कळत न्हाय. जायचं तर आख्खं आयुष्य घेऊन जायचं." आणि तिने सगळं आयुष्य लावून टाकलं. पहिल्यांदा खेड्यातली शाळा घ्यायची, कारण तिथे कोणी जायला तयार नसतं. मग शहरातली. मी पोस्टाने पुढची परीक्षा द्यायची. मग हेडमास्तर व्हायचं. ती लहान पोरं शिकवणार. आमची पोरं झाली तर तिथे होणार, तिथल्या पोरांत खेळणार. केस पिकले की परत यायचं आणि मानकोलीच्या रस्त्याला इंग्रजीची शाळा काढायची. कांड्या भरता भरता ती हे रचायची आणि संध्याकाळी मला सांगायची. दर वेळी थोडं पुढे गेलेलं असायचं. एकदा तर आमच्या शाळेतल्या शिपायाचं नावसुद्धा ठरलं होतं.

मग तिचं इंग्रजी सुरू झालं. मी व्याकरणाचं पुस्तक आणलं. तिने ते बाजूला ठेवलं.

"हे नको. मना बोलायला शिकवा. पुस्तक काय, तुमच्या शाळेतली पोरंबी वाचतात."

खरं होतं. आमच्या शाळेत इंग्रजी मराठीतून शिकवतात. धडा इंग्रजीत वाचायचा, अर्थ मराठीत सांगायचा, प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहून द्यायची. मास्तरवर मनातलं वाक्य इंग्रजीत बोलायची वेळ कधी येतच नाही. मीही तोवर कोणाशी इंग्रजी बोललो नव्हतो. चंद्राशी पहिल्यांदा बोललो.

आणि ते बोललो तिथे, त्या खोलीत, ओठांनी. मी समोर बसायचो, ती माझ्या तोंडाकडे बघायची. भाजी, भाकरी, पाऊस, बस, शाळा. तिला ते इतक्या लवकर यायला लागलं की मीच मागे पडलो. मी अडलो की ती माझ्या गुडघ्यावर थाप मारायची. पुढे पुढे ती तिकडचा हेडमास्तर व्हायची. कांड्यांच्या पेटीवर ताठ बसायची, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घ्यायची आणि मला इंग्रजीत विचारायची, एवढ्या लांब का आलात? मी उत्तर द्यायचो. तिला आवडलं नाही तर हाताने दार दाखवायची. मी उठून दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. मग पुन्हा तोच प्रश्न. शेवटी उत्तर असं बसलं की मला ते झोपेतही आलं असतं.

आवाजाचं आमच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. ठरलं होतं की शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा मोठ्याने बोलायचं. पहिल्या शुक्रवारी मी शाळेतून आलो आणि आम्ही समोरासमोर बसलो. मी एक वाक्य बोललो. तिने तोंडावर पदर धरला.

"काय झालं?"

"तुमचा आवाज असा हाय होय? मास्तरावानी?"

"मी मास्तरच आहे."

"मी न्हाय बोलत जा. मना हसू येतं."

पुढच्या शुक्रवारीही तसंच झालं. मग तिने सांगितलं, आईला शेतावर माणूस नाही, शुक्रवारी मी खारबावला जाते, शनिवारी पहिल्या बसने येते. लूम बंद म्हणजे तिला कामाची सुट्टी. मी म्हटलं, जा. इंग्रजीचं राहिलं तर राहिलं. तिकडे गेल्यावर दिवसभर तेच बोलायचं आहे, आवाज आपोआप निघेल असं मी धरून चाललो.

ती वाळत चालली होती. मी विचारलं तर म्हणाली, "इमानात वजन करतात ना?"

"माणसाचं नाही, सामानाचं."

"मंग मी तुमचं सामानच हाय."

मी हसलो आणि विषय तिथेच राहिला. ती सोमवार धरायची, गुरुवार धरायची, मला वाटलं उपासाने असेल. रात्री खाट हलायची, पण आमची खाट रोजच हलते. बोलता बोलता ती तोंडावर पदर धरायची आणि खांदे हलायचे. मला वाटायचं, हसते आहे.

श्रावणात एका सकाळी ती मोरीत वाकून बसली होती. मी शाळेत जायला निघालो होतो. मोरीतलं पाणी लाल झालेलं दिसलं. दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर चिडला. इतके महिने तुम्ही काय करत होता, असं त्याने सगळ्यांसमोर विचारलं. फुप्फुसाचं काही राहिलं नव्हतं. इंजेक्शनं सुरू केली, पण आठवडाही निघाला नाही.

तिला खोलीवर आणलं तेव्हा कारखान्याच्या शेठने लूम बंद करायला लावले. लूम दुरुस्त करणारा खालचा जॉबर वर आला, "मास्टरजी, जब तक ले नहीं जाते, बंद ही रहेगा," म्हणाला आणि दाराशी उभा राहिला. इतक्या शांततेत मी बायकांचं रडणं ऐकलं. ते मला फार मोठं वाटलं. तिला उचलून गल्लीच्या बाहेर नेलं आणि मागे लूम सुरू झाल्याचा आवाज आला. शेठला मी दोष देत नाही. माल द्यायचा असतो.

मग बोलावणं आलं. आम्ही दोघांनी मिळून अर्ज पाठवला होता, त्याचं. दिवाळी झाली की मुंबईत एका हॉटेलात नायजेरियाची माणसं येणार होती. मी ते उघडून कपाटावर ठेवलं. जायचं नाही असंच माझ्या मनात होतं.

दोन दिवसांनी सासू आली. गुणाबाई तिचं नाव, मी मामी म्हणतो. माझ्या भावाने खोलीवर ते पत्र पाहिलं होतं, त्यानेच तिला सांगितलं. मामीला ओठांचं बोलणं येत नाही, म्हणून आम्ही खाली उतरलो आणि बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. रस्त्यावर ताग्यांनी भरलेले ट्रक आणि टांगे अडकून पडले होते. तिथेही मोठ्यानेच बोलावं लागत होतं.

"जावय, तुमी जाणार ना?"

"नाही मामी. आता कशाला?"

तिने रस्त्याकडे बघितलं. मग विचारलं, "चंद्रा शुक्रवारी माज्याकडं कशाला येत व्हती, ठाव हाय तुमाला?"

"शेतावर. तुम्हाला माणूस नव्हतं ना."

"शेतावर? उन्हाल्यात कसलं शेत? तुमी मास्तर ना? यवढंबी कळलं न्हाय?" ती म्हणाली. "खोकाय येत व्हती ती."

मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"खोकाय. इथं लूम चालू असले का तुमाला आयकू येत नसं. शुक्रवारी बंद. मंग तुमी आयकलं असतं. म्हून येत व्हती. आली का मागल्या दारी बसायची आन् सुरू. आठवडाभराचं सगलं एकदम. मी बोलली, चल दवाखान्यात. तर बोलते, दवाखान्यात नाव चढलं का ते फोटोवाले धरतील. त्यांना जाऊं दे म्होरं. मी इथं बरी व्हते आन् मागून जाते."

"मला का नाही सांगितलं, मामी?"

"शपथ घातली मना. माज्याच गल्याची. मी काडे दिले, अडुळसा दिला, भगताकडं नेली. काय न्हाय केलं?" तिने पदराने नाक पुसलं. रडत नव्हती. "आता तुमी जायचं. आयकताय ना? तुमी न्हाय गेलात तर माजी पोर फुकट मेली. मी गावात कोनाला काय सांगू? कशापायी मेली बोलू?"

मला तिचा राग आला नाही. राग यायला पाहिजे होता, असं नंतर वाटलं. त्या वेळी फक्त एवढंच कळलं की ही बाई जन्मभर हेच विचारत बसणार आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. मी पास झालो आणि गेलो, तर पोर कशासाठी मेली ते तिला सांगता येईल.

"जातो," मी म्हणालो.

"माज्या डोक्यावर हात ठिवा."

मी ठेवला.

तयारीला मी राघो म्हात्रेकडे गेलो. राघो आमच्या शाळेत विज्ञान शिकवतो, माझ्याच वयाचा, तोंडाने फटकळ. सुट्टीत शाळा रिकामी होती. तो हेडमास्तर म्हणून टेबलामागे बसला आणि मी समोर. त्याने इंग्रजीत विचारलं, एवढ्या लांब का यायचं आहे? मी उत्तर दिलं.

"अरे, कर ना सुरू," राघो म्हणाला.

"केलं की."

"काय केलं? मुका सिनेमा दाखवतोयस काय मला?"

मला वाटलं तो चेष्टा करतोय. मी पुन्हा बोललो. तो हसत होता तो थांबला.

"चांगदेव, तुझ्या तोंडातून आवाज येत नाहीये."

त्याने मला पुस्तक दिलं आणि वाचायला सांगितलं. मी वाचलं. तेव्हा आवाज व्यवस्थित आला. वर्गाच्या सवयीने इतका मोठा आला की बाहेरून शिपाई डोकावला. मग राघोने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, आता तेच स्वतःच्या शब्दांत सांग. ओठ हलले. आवाज नाही.

"लाज वाटते का?"

"नाही रे."

"मग घशात काय अडकतंय?"

काहीच अडकत नव्हतं. पुस्तकातलं इंग्रजी मी बारा वर्षं वर्गात ओरडत आलो होतो. पण माझं स्वतःचं इंग्रजी मी एकाच माणसाशी बोललो होतो आणि तिला आवाज लागत नव्हता. हे मी राघोला सांगितलं. त्याने टेबलावरची खडूची पूड हाताने गोळा केली आणि खाली टाकली.

"चल," म्हणाला. "खाडीवर जाऊ. तिथे बोंबल."

आम्ही सायकलवर काल्हेरच्या बाजूला खाडीच्या बांधावर गेलो. तो एका टोकाला उभा राहिला, मी दुसऱ्या. एवढ्या लांबून त्याला माझे ओठ दिसणं शक्य नव्हतं. तो तिकडून प्रश्न ओरडायचा. मी उत्तर द्यायचो. पहिले काही दिवस त्याला नुसता वारा ऐकू आला. मग एक-दोन वाक्यं निघाली. फाटकी, ओरडून म्हटलेली, पण निघाली. माझाच आवाज मला ओळखू येत नव्हता. मासे घेऊन चाललेल्या एका कोळणीने राघोला विचारलं, "याला काय झालंय रं?" राघो म्हणाला, "इलायतेला चाललाय, मावशी." ती म्हणाली, "मंग येडा झाल्याबिगर कसा जाईल?"

राघो पोट धरून हसला. परत येताना म्हणाला, "आता निघतोय ना आवाज? एवढाच तिथे काढ. बाकी तुझं इंग्रजी माझ्या बापापेक्षा चांगलं आहे."

"तुझा बाप नांगर धरायचा."

"तेच म्हणतोय."

मुलाखतीला मी पहाटेच्या एस.टी.ने गेलो. हॉटेलच्या वरच्या मजल्यावर आम्हाला ओळीने बसवलं होतं. आत थंड हवेचं मशीन होतं. जमिनीवर जाड गालिचा, खिडक्या बंद. इतकी शांत खोली मी त्याआधी पाहिली नव्हती. टेबलामागे तिघं होते, दोन पुरुष आणि एक बाई. तिघंही तिकडचेच. फार अदबीने वागले. बसा म्हणाले, पाणी दिलं. सगळं बोलणं इंग्रजीतच होतं.

आधी एक उतारा वाचायला दिला. मी वाचला. एक जण हसून म्हणाला, "मास्तर, आम्ही इथेच बसलो आहोत." म्हणजे मी ओरडत होतो. मी माफी मागितली. ते मोकळेपणाने हसले.

मग बाईंनी विचारलं, "आमच्या देशात तुम्हाला का यायचं आहे?"

त्या सावकाश बोलत होत्या. त्यांचे ओठ ठळक होते आणि प्रत्येक शब्द नीट दिसत होता. प्रश्नही तोच होता. मला अजिबात भीती वाटली नाही. मी त्यांच्याकडे बघून उत्तर दिलं. पूर्ण उत्तर दिलं. दोन वर्षांसाठी यायचं नाही, कामाचं सगळं आयुष्य तिकडे काढायचं आहे, आधी खेड्यात, मग जिथे पाठवाल तिथे. मुलं पुस्तक वाचतात पण बोलत नाहीत, त्यांना बोलायला शिकवायचं आहे. कुठेही अडलो नाही. कधी इतकं चांगलं बोललो नव्हतो.

बोलून झाल्यावर पाहिलं तर कडेच्या माणसाने पेन खाली ठेवलं होतं. बाईंनी कानामागे हात धरला होता.

"तुमचा घसा बसला आहे का?" त्यांनी विचारलं.

मी नाही अशी मान हलवली. पाणी प्यालो. खाडी आठवली, राघो आठवला. आणि आवाज काढला. तो असा निघाला की बाई दचकून मागे सरल्या. दोन वाक्यं ओरडलो आणि तिसऱ्याला पुन्हा नुसते ओठ हलले.

मधला माणूस वयाने मोठा होता. त्याने हात वर करून मला थांबवलं.

"घाई नाही. तुम्ही घरी इंग्रजी कोणाशी बोलता?"

उत्तर एका शब्दाचं होतं, तोही अडेल असं वाटलं. पण शब्द निघाला. "बायकोशी."

"त्या कुठे आहेत?"

"वारल्या."

त्यांनी सहानुभूतीचे शब्द म्हटले. मग एकमेकांकडे पाहिलं. मोठा माणूस म्हणाला, "तुमचं लिहिणं आम्ही पाहिलं आहे, ते उत्तम आहे. पण आमचे वर्ग मोठे असतात. मुलांना ही भाषा ऐकून शिकायची असते. तुम्ही पुढच्या वर्षी या. त्या वेळी बोलून दाखवा."

बाईंनी उठून मला दारापर्यंत सोडलं.

जिना उतरताना मला पहिल्यांदा वाटलं, इथे मी नको होतो, चंद्रा हवी होती. ती असती तर या लोकांना हसवून आली असती. पुढच्या मजल्यावर मात्र मी थांबलो. कठड्याला धरून उभा राहिलो. रामनाथ म्हणाला होता, बायकांनाही अशाच खोलीत बोलावतात, असेच प्रश्न विचारतात. चंद्राला त्यांनी बोलावलंच असतं. ती त्याच खुर्चीवर ताठ बसली असती, पदर घट्ट ओढून. एकही शब्द न चुकता सगळं सांगितलं असतं. आणि त्या तिघांना काहीही ऐकू आलं नसतं.

मी तर निदान वर्गात धडे वाचत होतो. तिने इंग्रजीचा एक शब्दही मोठ्याने कधी काढला नव्हता. काढायचा तो शुक्रवारी काढायचा होता. शुक्रवारी ती खारबावला, मागल्या दारी बसलेली असायची. आमची ही योजना मोडू नये म्हणून ती तिथे जात होती.

मी जिना उतरलो. लोक वर चढत होते, हातात कागद घेतलेले मास्तर. त्यांना वाट दिली.

दुसऱ्या दिवशी खारबावला गेलो. भाताची झोडणी चालू होती. मामी खळ्यावर एकटीच होती, हातातली पेंढी फळीवर आपटत होती. मला पाहून तिने पेंढी खाली ठेवली नाही.

"कवा जायचं?" तिने विचारलं.

"नाही घेतलं, मामी."

तिने आणखी दोनदा पेंढी आपटली. मग ती बाजूला टाकली.

"का? काय कमी पडलं?"

"मला बोलता आलं नाही."

"बारा वर्सं मास्तर हाय तुमी."

"हो."

"पुन्ना बोलावतील?"

"पुढच्या वर्षी या म्हणाले. पण मी जाणार नाही. मला ते जमणार नाही आता. हे तुम्हाला खोटं सांगत नाही."

ती खाली बसली. हाताला भाताचा कोंडा लागला होता, तो ती दुसऱ्या हाताने झटकत राहिली. गेला तरी झटकत राहिली. मग तिने मान वर न करता विचारलं, "चंद्रा बसली असती थितं, तर?"

मी खळ्यावर सांडलेल्या दाण्यांकडे बघितलं.

"मी इचारतंय. चंद्राला घेतलं असतं का त्यांनी?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिने वर पाहिलं होतं आणि ती माझ्या तोंडाकडेच बघत होती. शपथेपायी ही बाई गप्प बसली होती. दर शुक्रवारी पोरीचा खोकला ऐकत बसली होती, कारण पोरीला जायचं होतं. मी जिन्यात जे बघितलं ते हिला सांगितलं असतं तर तिच्याकडे काहीच राहिलं नसतं.

"घेतलं असतं," मी म्हणालो. "लगेच घेतलं असतं. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं."

"खरं?"

"खरं."

मामीने मान हलवली. बराच वेळ हलवत होती. "मना ठाव व्हतं," म्हणाली. "लहानपणापास्नं तशीच. येकदा बघितलं का आलं." मग तिचा चेहरा बदलला. उठून उभी राहिली आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "मंग तुमीच कमी पडलात."

"हो, मामी."

"तिनं येवढं केलं. जीव दिला. आन् तुमाला तोंड उघडाया आलं न्हाय."

"नाही आलं."

"माज्या डोक्यावर हात ठिवला व्हता तुमी."

मी उभा राहिलो. तिला अजून बोलायचं असेल तर बोलू द्यावं असं वाटलं. तिने नवी पेंढी उचलली आणि फळीवर आपटायला लागली. शेजारच्या खळ्यावरची बाई वर बघत होती. मामीने तिच्याकडे बघून, मला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात सांगितलं, "माज्या चंद्राला घेतलं असतं. याला न्हाय घेतला."

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असेल.

मी निघालो तेव्हा मामी मागून म्हणाली, "वर्सश्राद्धाला या. लोक इचारतील. मंग पुन्ना नका येऊ."

मी बरं म्हणालो. बस यायला वेळ होता, म्हणून पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेलो.